गेममधला आवाज आणि तो कापणारी कात्री



मागच्या व्याख्यानाचा विषय होता ‘साधन आणि साध्य’. त्यावर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पाच-सहा जणांनी विचारला होता. गेममध्ये स्वतः तयार केलेले आवाज घालायचे आहेत, तर त्यासाठी ऑडिओ एडिटर कुठला घ्यावा? एकाने तर पुढे लिहिलं होतं, ‘सर, साधनांबद्दल एवढं बोललात, आता एक साधन निवडून दाखवा.’ आव्हान रास्त आहे. म्हणून आज आम्ही याच एका प्रश्नावर बोलणार आहोत.

आधी हे सांगून टाकतो की या प्रश्नाचं उत्तर म्हणून ज्या याद्या फिरतात, सर्वोत्तम दहा एडिटर, सर्वोत्तम सात मोफत एडिटर वगैरे, त्या आमच्या मते निरुपयोगी आहेत. त्यांत असतं काय? कशात किती इफेक्ट आहेत, किती ट्रॅक घेता येतात, दिसायला कसं आहे, किंमत किती. पाणिनीने करण म्हणजे काय ते सांगताना क्रिया तडीला जाण्यात जे सर्वांत जास्त उपकारक ठरतं ते करण, असा निकष धरला. तिथे क्रिया आधी येते, साधनाचा मान नंतर ठरतो. यादी बनवणारा मात्र क्रिया विचारतच नाही. पॉडकास्ट करणारा, गाणं मिसळणारा आणि गेमसाठी पाऊण सेकंदाचा ठोका कापणारा, तिघांना तो एकच कात्री विकतो.

तर आपली क्रिया काय आहे ते आधी नीट बघू.

गेममधला आवाज बदलण्याची हौस जुनी आहे. १९९३ साली ‘डूम’ आला तेव्हापासून लोक त्याच्या फायलींत स्वतःचे आवाज घालत आले आहेत. त्या काळात आवाज एका वाहिनीचा, ८ बिटांचा, सेकंदाला ११,०२५ नमुन्यांचा असे. तेवढ्यात बंदुकीचा बारही बसवायचा आणि राक्षसाची डरकाळीही. आज मर्यादा सैल झाल्या आहेत, पण गोष्ट तीच राहिली. गेमचं इंजिन हा एक फार काटेकोर आणि फार मठ्ठ वाचक आहे. तुमचा हेतू त्याला कळत नाही. फाइल त्याच्या अपेक्षेप्रमाणे असली तर वाजवतो, नसली तर गप्प बसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचं वाजवतो आणि का ते सांगत नाही.

दोन उदाहरणं घेऊ. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती. हिला आवाज ऑग व्हॉर्बिस या प्रकारातच लागतो. एमपी३ फाइलचं नाव बदलून शेवटी ऑग लिहिलं म्हणून ती ऑग होत नाही, हे मुलांना पहिल्या दिवशी कळतं. दुसऱ्या दिवशी कळणारी गोष्ट जास्त अवघड आहे. आवाज मोनो असेल, म्हणजे एकाच वाहिनीचा, तरच गेम त्याला जागा देऊ शकतो. म्हणजे तो डावीकडून येतोय, मागून येतोय, लांब जातोय हे ऐकू येतं. फाइल स्टिरिओ असेल तर आवाज कुठेच नसतो; तो सरळ तुमच्या डोक्यात वाजतो. पार्श्वसंगीताला ते चालतं. गायीच्या हंबरण्याला कसं चालेल?

दुसरं उदाहरण सोर्स इंजिनचं, म्हणजे २००४च्या ‘हाफ-लाइफ २’चं आणि त्यावर पुढे झालेल्या कितीतरी गेमचं. इथे पंख्याची घरघर किंवा पाण्याची खळखळ सतत चालू ठेवायची असेल तर वेव्ह फाइलच्या पोटातच एक खूण असावी लागते. तिला क्यू पॉइंट म्हणतात. ती असली तर आवाज फिरून फिरून वाजतो, नसली तर एकदा वाजून संपतो. एमपी३ने हे काम होत नाही. एरवीही एमपी३ची फाइल फिरती ठेवायला वाईटच, कारण ती बनवणारा एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटवतो. त्याची एक चौकट १,१५२ नमुन्यांची. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एका चौकटीचे साधारण २६ मिलिसेकंद झाले. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतं? पंख्याची घरघर दर चार सेकंदांनी उचकी दिल्यासारखी तुटते, ते होतं.

तेव्हा प्रश्नाचा क्रम उलटा करावा लागतो. आधी इंजिनला विचारा, तुला काय लागतं. मग एडिटरकडे जा. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात पाव्याचं उदाहरण घेतलं आहे. पावा चांगला की वाईट हे तो वाजवणाऱ्याला कळतं आणि बनवणाऱ्याने ते त्याच्याकडून ऐकून घ्यायचं असतं. आपल्या बाबतीत मधे एक मठ्ठ इंजिन येऊन बसलं आहे, एवढाच फरक. बनवणारा आपण, शेवटी ऐकणारा खेळाडू, आणि दोघांच्या मधे हा द्वारपाल.

इतकं झालं की बहुतेक एडिटर सारखेच वाटू लागतात. ऑग सगळे लिहितात, मोनो सगळे करतात. मग निवड कशावर करायची? आमचं म्हणणं असं: तुमच्या मूळ ध्वनिमुद्रणाचं एडिटर काय करतो, यावर करा. बाकी सगळं शिकता येतं, जोडता येतं, दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून करून आणता येतं. गेलेलं मूळ परत आणता येत नाही.

हे हवेतलं वाटू नये म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी, वय वर्षं १२. तिने माइनक्राफ्टमध्ये ग्राइंडस्टोनचा आवाज बदलायचं ठरवलं. आता गेममधला ग्राइंडस्टोन म्हणजे धार लावायचं चाक. पण ग्राइंड म्हणजे दळणं, स्टोन म्हणजे दगड, तेव्हा हे जातंच, असं तिने ठरवून टाकलं. आम्हाला ही चूक फार आवडली. गावाकडे पणजीचं जातं होतं. पणजीने वापर सोडून कित्येक वर्षं झालेली, पण पणतीच्या हट्टापायी तिने चार मिनिटं नाचणी दळली आणि मुलीने ते मोबाइलवर टिपलं.

चार मिनिटांच्या त्या मुद्रणात जात्याची घरघर होती, खुंट्याचा खडखडाट होता, मधेच पणजीचं ‘अगं हात लाव की जरा’ होतं, एक कोंबडी होती, आणि दळताना आपोआप ओठांवर येणारी अर्धवट गुणगुण होती. गेमला हवं होतं पाऊण सेकंद.

मुलीने घेतला ऑडॅसिटी. मोफत, सगळीकडे सांगितला जाणारा. पहिली ठेच इथेच लागली. मोबाइलने फाइल एम४ए प्रकारात ठेवली होती आणि विंडोजवर ऑडॅसिटी ती आपली आपण उघडत नाही. एफएफएमपेग नावाची लायब्ररी वेगळी बसवावी लागते. बारा वर्षांच्या मुलीला लायब्ररी म्हणजे पुस्तकांची जागा. बापाने बसवून दिली. मग तिने तुकडा कापला, ऑग काढला, गेममध्ये घातला. आवाज वाजला, पण जातं जवळ आहे की लांब, कळेना. मुलगी म्हणे गेम बिघडला. गेम ठीक होता, फाइल स्टिरिओ होती. ट्रॅकच्या मेनूतून ती मोनो केली आणि काम झालं.

इथवर तक्रारीसारखं काही नाही. पण तिने आणखी एक केलं होतं. कोंबडी आणि गुणगुण नको म्हणून नॉइज रिडक्शन लावलं होतं. हे इफेक्ट कसं चालतं ते बघा. ते तुम्हाला म्हणतं, आधी गोंगाटाचा नमुना दाखवा. तुम्ही एक भाग निवडून दाखवता. मग त्या नमुन्यासारखं जे जे सापडेल ते ते उरलेल्या मुद्रणात दाबलं जातं. म्हणजे गोंगाट कशाला म्हणायचं याचा निर्णय तुमचा आणि अंमलबजावणी यंत्राची. पंख्याच्या एकसुरी आवाजासाठी ही सोय उत्तम आहे. मुलीने नमुना म्हणून दाखवली गुणगुण. पूर्ण चार मिनिटांवर इफेक्ट लावलं, जागा मोकळी करायची म्हणून मोबाइलमधली फाइल पुसली, प्रोजेक्ट सेव्ह केला आणि बंद केला. पुन्हा उघडलं तेव्हा अनडू करायला काही शिल्लकच नव्हतं. ऑडॅसिटी प्रोजेक्ट बंद होईपर्यंतच मागची पावलं लक्षात ठेवतो. बंद केला की विसरतो. गुणगुण पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडत राहिली आहे. जातं आता अंगणात उलटं ठेवलंय, त्यावर तुळशीची कुंडी आहे. पणजीचे हात आता खुंटा धरू शकत नाहीत.

कुणी म्हणेल, हा मुलीचा निष्काळजीपणा. आम्हाला हे पटत नाही. बारा वर्षांच्या मुलीला एखादी गोष्ट परत येणार नाही हे ठाऊक नसणं स्वाभाविक आहे. ते सांगणं कात्री बनवणाऱ्याचं काम.

आणि इथे ऑडॅसिटीविषयी बारकाईने बोलायला हवं, कारण याच बाबतीत तो एकीकडे सर्वांत चांगला आहे आणि दुसरीकडे बेफिकीर. चांगलं काय? नवखे लोक ज्यावर सर्वांत जास्त वैतागतात, तेच. ‘सेव्ह केलं तरी वेव्ह फाइल मिळत नाही!’ बरोबर. ऑडॅसिटीत सेव्ह म्हणजे प्रोजेक्ट सेव्ह. वेव्ह किंवा ऑग हवं असेल तर एक्स्पोर्ट असं वेगळं सांगावं लागतं. तुम्ही जी फाइल आत आणली तिची तो स्वतःकडे प्रत करून घेतो आणि मूळ फाइलला नुसतं सेव्ह केल्याने हात लागत नाही. वेव्होसॉर, ओशनऑडिओ यांसारख्या एडिटरांत तुम्ही थेट ती फाइलच उघडता आणि सेव्ह म्हटलं की तिच्यावरच लिहिलं जातं. सुटसुटीत आहे, झटपट आहे, आणि मूळ मुद्रणासाठी धोक्याचं आहे. सेव्ह आणि एक्स्पोर्ट यांतला भेद म्हणजे कच्चं लेखन आणि छापायला दिलेली प्रत यांतला भेद. ज्याने हा भेद राखला त्याला आम्ही मोठे गुण देतो.

बेफिकिरी कुठे आहे? २०२१च्या ३.१ आवृत्तीपासून ऑडॅसिटीत क्लिपची कड ओढून ती आखडता येते आणि आखडलेला भाग आत सुरक्षित राहतो. कड पुन्हा ओढली की परत येतो. फार चांगली सुधारणा. पण तोच भाग निवडून डिलीट दाबलं तर तो जातो, आणि प्रोजेक्ट बंद झाला की कायमचा. पडद्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. दिसायला एक, असायला दोन! वेदान्त्यांना हे उदाहरण वर्गात वापरता येईल. इफेक्टांचंही तसंच आहे. २०२२च्या ३.२ आवृत्तीपासून काही इफेक्ट ट्रॅकवर नुसते टांगून ठेवता येतात, नको तेव्हा काढता येतात. नॉइज रिडक्शन त्यांतलं नाही, ते आवाजात मुरतंच. एकाच घरात काही दारं परत उघडणारी आणि काही कायमची बंद होणारी, आणि कुठल्याच दारावर पाटी नाही. आमची ऑडॅसिटीवरची मुख्य टीका ही आहे. इफेक्ट कमी आहेत, रूप जुनाट आहे, ही टीका आम्हाला क्षुल्लक वाटते.

लहानसहान गोष्टी भरभर सांगतो. ऑडॅसिटी आतल्या आत ३२ बिटांत काम करतो आणि १६ बिटांत बाहेर काढताना डिदर नावाची अगदी बारीक खसखस आपण होऊन मिसळतो. संगीताला ते हितकारक, गेममधल्या तुकड्याला बहुधा अनावश्यक. सेटिंगमध्ये क्वालिटीखाली बंद करता येतं. नाव, कलाकार वगैरे माहिती वेव्हमध्ये लिहू देऊ नका. काही साधे वाचक पहिल्या ४४ बाइटांनंतर फाइलमध्ये सगळा आवाजच आहे असं धरून चालतात आणि तुमचं नावसुद्धा टक् असं वाजवून दाखवतात. तुकडा कापताना झेड दाबा, म्हणजे निवडीच्या कडा जवळच्या शून्यबिंदूवर सरकतात आणि कापल्याचा टिक् आवाज येत नाही. आणि ऑग पुन्हा उघडून, सुधारून, पुन्हा ऑग काढणं टाळा. दर खेपेला काहीतरी झडतं.

मग दुसरे एडिटर कधी घ्यावेत? सोर्स इंजिनसाठी फिरता आवाज हवा असेल तर ऑडॅसिटीतली लेबलं वेव्हमध्ये क्यू पॉइंट म्हणून उतरत नाहीत. तिथे विंडोजवर वेव्होसॉर घ्या. मोफत आहे, छोटासा आहे, शेवटची खूण मारण्यापुरता वापरा, आणि तोही एक्स्पोर्ट केलेल्या प्रतीवर. पावलांचे तीस आवाज, प्रत्येक जरा वेगळा, असं घाऊक काम असेल तर रीपर बघा. लांब पट्टीवर तीसही तुकडे मांडून प्रत्येकाला नाव द्यायचं, मग सगळे एका दमात त्या त्या नावाच्या फाइली होऊन बाहेर पडतात. त्याची स्वस्त परवानगी ६० डॉलरची आणि त्याआधी ६० दिवस वापरून बघता येतो. शिवाय त्याची सगळी रचनाच मूळ फाइलला हात न लावता वर नुसत्या सूचना लिहून ठेवण्याची आहे. आमच्या निकषावर तो ऑडॅसिटीच्या पुढे आहे, हे कबूल केलं पाहिजे. पण बारा वर्षांच्या मुलीपुढे रीपर उघडून ठेवणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला जहाजाचं सुकाणू देणं. अडोबी ऑडिशनबद्दल बोलत नाही. चांगला आहे, पण पाऊण सेकंदाच्या आवाजासाठी दरमहा भाडं भरावं असं आम्हाला वाटत नाही.

आता मालकीचा मुद्दा, कारण ऑडॅसिटी म्हटलं की तो कुणीतरी काढतोच. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी हे काम सुरू केलं आणि २००० साली ते लोकांसाठी खुलं झालं. २०२१मध्ये ते म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेलं. आधी वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला, त्यावर ओरड झाली, तो मागे घेतला गेला. मग जुलैत नवं गोपनीयता धोरण आलं आणि त्यात १३ वर्षांखालच्यांनी हे वापरू नये असं एक कलम होतं. पुन्हा ओरड, पुन्हा दुरुस्ती, ते कलम गेलं. काही लोकांनी मूळ संहिता घेऊन वेगळी चूलही मांडली.

हेरगिरीची जी हाकाटी झाली ती आम्हाला अतिशयोक्त वाटते. ते कलम मात्र आम्हाला विचार करायला लावतं. गेमसाठी आवाज बनवणाऱ्यांत तेराच्या आतली मुलं भरपूर आहेत. ऑडॅसिटीचा परवाना, म्हणजे जीपीएल, कुणीही कुठल्याही कामासाठी वापरावं असं सांगतो, आणि त्याच घराच्या फाटकावर मुलांना मज्जाव अशी पाटी लागली होती. ती उतरली हे बरं झालं. उतरली कशामुळे? संहिता खुली होती, दुसरी चूल मांडणं शक्य होतं, म्हणून. बंद सॉफ्टवेअरच्या मालकावर हा दबाव येत नाही. साधन निवडताना त्याच्या मालकाला वाकवण्याची सोय आपल्याकडे किती आहे, हेही पाहावं.

तर आमची निवड: घरी, मुलांसाठी, हौसेसाठी ऑडॅसिटी. अट एकच. मुद्रण झाल्याबरोबर, एडिटर उघडण्याच्याही आधी, मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि ती कुठल्याही एडिटरमध्ये उघडू नका. वेव्होसॉर आणि रीपर गरज पडेल तसे.

आता चिठ्ठ्या घेऊ. पहिली: ‘आवाज मुद्रित करण्याऐवजी तयारच केला तर?’ करा की. उडीचा, नाणं मिळाल्याचा, लेझरचा आवाज लागणार असेल तर २००७मध्ये एका गेम-स्पर्धेसाठी बनलेलं एसएफएक्सआर नावाचं चिमुकलं साधन बघा. बटण दाबलं की नवा आवाज. तिथे मूळ मुद्रण नाहीच, त्यामुळे आजची आमची सगळी काळजी तिथे गैरलागू.

दुसरी चिठ्ठी: ‘माझ्या जुन्या संगणकावर कूल एडिट आहे, अजून चालतं. तेच वापरू का?’ वापरा. तेच पुढे २००३मध्ये अडोबीने घेतलं आणि त्याचं ऑडिशन झालं; वेव्ह फाइल कापायला ते आजही पुरेसं आहे. ऑग काढायचं काम ऑडॅसिटीकडे द्या. आणि त्यात फाइल उघडण्याआधी प्रत काढा, कारण सेव्ह म्हटलं की तेही तुम्ही उघडलेल्या त्याच फाइलवर लिहितं.